घोरपडीचं नाव ठाऊक आहे, माणसांचं नाही

(हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळले, खोकले, तेवढं काढलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कोणी लोकलमध्ये दारात उभे असाल, कोणी भांडी घासताना कानात इअरफोन अडकवले असतील, कोणाचा उद्या पेपर असेल आणि अभ्यास सोडून हे ऐकत असाल.

आज मी नवी गोष्ट सांगणार नाहीये. आज एक चूक कबूल करायची आहे. चूक माझीच आहे आणि ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनपर्यंत पोचलेली असण्याची शक्यता आहे. म्हणून आधी ती सांगते. मग ज्या रात्रीबद्दल ती चूक झाली, त्या रात्रीकडे नीट बघू. आणि शेवटी, तुमच्यापैकी ज्यांना खऱ्या घटनेवर गोष्ट लिहायची आहे (असे मेसेज मला दर आठवड्याला येतात), त्यांच्यासाठी मी या सगळ्यातून काय शिकले ते.

काकांचा फॉरवर्ड

मागे मी कोंढाण्याच्या रात्रीवर तीन भागांची एक गोष्ट केली होती. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. त्यात भिवा नावाचा एक मावळा होता. भिवा हे पात्र पूर्णपणे माझं. त्याची आई, त्याचं खोपट, त्याची एक शेळी, सगळं माझं. भिवा कडा चढतो, लढतो, परत येत नाही.

आता शेवट कसा करायचा? रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी भाग अपलोड करायचा होता. मला शेवट असा हवा होता की ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा यावा. मग मी एक पत्र लिहिलं. महाराजांनी भिवाच्या आईला पाठवलेलं पत्र. त्यात सांत्वन होतं, अर्धा चाहूर जमीन इनाम दिल्याचं होतं, आणि शेवटी एक वाक्य होतं. ते वाक्य जमलं होतं, हे मला लिहितानाच कळलं. पत्राला जुना वास यावा म्हणून मी शके घातलं, तिथी घातली, दोन-चार फारसी शब्द पेरले. चार खरी पत्रं वाचलेली असली की तेवढं जमतं.

भाग चालला. खूप चालला. मी खूश.

आठ महिन्यांनी आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकला. वर भगवा झेंडा, खाली ‘महाराजांचं हे दुर्मिळ पत्र शाळेत शिकवलं जात नाही, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.’ आणि मधे माझं पत्र. शब्द न् शब्द माझा. भिवाचं नाव तेवढं बदलून त्याला कोणीतरी आडनावही दिलेलं.

मी काकांना फोन केला. म्हटलं, ‘काका, हे मी लिहिलंय.’
‘काय लिहिलंयस?’
‘ते पत्र.’
काका हसले. ‘अगं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं पत्र आहे ते. तू काय लिहिणार?’

मी पुन्हा सांगितलं. गोष्टीतलं आहे, मी रचलंय, भिवा नावाचं कोणी नव्हतंच. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘असेल गं. पण भाव खरा आहे ना?’

तेव्हा मीसुद्धा हसले. मैत्रिणींना किस्सा म्हणून सांगितला. आतून थोडी फुशारकीच होती, खोटं कशाला बोलू? आपण लिहिलेलं लोकांना खरं वाटलं, लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

मग एका मुलीचा मेल आला.

ती नववीत होती. शिवजयंतीला तालुक्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धा होती. तिने भाषणाचा शेवट त्या पत्राने केला. टाळ्या पडल्या. मग परीक्षकांपैकी एका बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, ‘बाळा, हे पत्र फार सुंदर आहे. कुठे छापलंय? मला वाचायचंय.’ तिला उत्तर देता आलं नाही. ती स्टेजवर तशीच उभी राहिली. बक्षीस गेलं त्याचं तिला एवढं काही वाटत नव्हतं. तिने लिहिलं होतं: ‘ताई, मी तुमच्या गोष्टीत ऐकलं होतं. ते कोणत्या पुस्तकात आहे ते सांगाल का? म्हणजे मी बाईंना कळवेन.’

हा मेल वाचून मला हसू आलं नाही.

मी तिला खरं काय ते लिहिलं, माफी मागितली. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं, एका ओळीचं. ‘मग ती घोरपड पण खोटी का?’

आजचा सगळा भाग त्या एका ओळीचं उत्तर आहे.

त्या रात्री काय झालं होतं?

आधी जे पक्कं आहे ते घेऊ.

1665. मिर्झाराजे जयसिंग दख्खनेत उतरलेले, पुरंदरला वेढा पडलेला. त्या वर्षी जूनमध्ये जो तह झाला त्यात महाराजांना 23 किल्ले मुघलांना द्यावे लागले. त्यांत कोंढाणा होता. पुढच्या वर्षी आग्रा, तिथली नजरकैद, सुटका. नंतर काही काळ वरवर शांतता. आणि 1670 उजाडलं तसं तहात गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. कोंढाणा घेतला तो शके 1591, माघ वद्य नवमीच्या रात्री. इंग्रजी तारीख 4 फेब्रुवारी 1670. किल्ल्यावर मुघलांच्या वतीने उदेभान हा राजपूत किल्लेदार होता. तानाजी मालुसरे तिथे पडले, उदेभानही पडला, किल्ला स्वराज्यात आला.

एवढं झाल्यावर तपशील शोधायला गेलं की हाती काय लागतं? सगळ्यात महत्त्वाची म्हणजे सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरी असलेला माणूस. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने जिंजीला बसून ही बखर लिहिली, 1690च्या दशकात. म्हणजे कोंढाण्याच्या रात्रीनंतर पाव शतकाने. आज तुम्ही 2000 सालातल्या एखाद्या घटनेबद्दल आठवून लिहाल, तितकं अंतर. ती प्रत्यक्ष त्या रात्रीची नोंद नाही. पण लिहिणारा त्या काळाचा आहे, ती माणसं त्याच्या ओळखीतली आहेत.

सभासद काय सांगतो, ते माझ्या शब्दांत सांगते. तानाजीने कामगिरी अंगावर घेतली. 500 माणसं घेऊन तो गडाखाली गेला. दोन चांगले, मर्दाने मावळे निवडले आणि रात्री त्यांना कड्यावरून वर चढवलं. ते वानरासारखे कडा चढून गेले. वर पोचल्यावर त्यांनी माळ लावली, म्हणजे दोराची शिडी, आणि तिच्यावरून तानाजीसकट 300 माणूस गडावर गेलं. मोठी लढाई झाली. तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडले. मग तानाजीच्या भावाने, सूर्याजीने, लोकांना सावरलं आणि गड घेतला. गडावर घोड्यांच्या पागेचे खण होते, त्यांना आग लावली. तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला आणि ओळखलं की गड आपला झाला. तानाजी गेल्याची बातमी नंतर आली.

बस. साधारण एवढंच. आता यात काय नाही, ते बघा.

यात घोरपड नाही. रायबाचं लग्न नाही. शेलारमामा नाहीत. कापलेले दोर नाहीत. आणि ‘सिंह गेला’ असंही नाही. महाराज बोलतात ते या अर्थाचं की एक गड मिळाला पण एक गड गेला. म्हणजे सभासदाच्या महाराजांनी तानाजीला सिंह म्हटलेलं नाही, गड म्हटलंय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच थांबले होते. ज्या माणसाचं सगळं आयुष्य गड बांधण्यात, राखण्यात, परत घेण्यात गेलं, तो आपल्या माणसाला गड म्हणतोय. यापेक्षा मोठी पदवी त्याच्याकडे कोणती असणार?

मग बाकीचं आलं कुठून?

घोरपड, रायबाचं लग्न, शेलारमामा, हे सगळं पोवाड्यातून आलं. तुळशीदास शाहिराच्या नावाचा पोवाडा पिढ्यान्‌पिढ्या गायला जात होता. 1891 मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला, तेव्हापासून तो वाचायलाही मिळू लागला. त्यात तानाजी पोराच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन महाराजांकडे जातो, लग्न बाजूला ठेवतो, आणि यशवंती घोरपडीच्या कमरेला दोर बांधून कडा चढला जातो.

पुढे 1903 मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आली. तिने ते वाक्य महाराष्ट्राच्या तोंडात कायमचं बसवलं. त्या कादंबरीत कमलकुमारी आहे, उदेभानाच्या तावडीत सापडलेली राजपूत स्त्री. सभासदात तिचा पत्ता नाही. पण 1923 मध्ये बाबूराव पेंटरांनी त्या कादंबरीवर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला (त्यात शेलारमामाचं काम केलं होतं तरुण व्ही. शांतारामांनी), 1933 मध्ये प्रभातचा बोलपट आला, आणि 2020 मध्ये तुम्ही-आम्ही थिएटरात ‘तान्हाजी’ पाहिला तेव्हा त्यातही कमल होतीच. एकशे सतरा वर्षं ती बाई पडद्यावरून पानावर आणि पानावरून पडद्यावर ये-जा करतेय. आज कोणाला विचारलंत तर तो सांगेल, ‘हो, होती ना, इतिहासात आहे.’

आणि एक गंमत. आपण शाळेत शिकलो की तानाजी गेले म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं. पण एप्रिल 1663 चं महाराजांचं एक पत्र आहे, त्यात या किल्ल्याला सिंहगडच म्हटलंय. म्हणजे तानाजींच्या मृत्यूच्या जवळजवळ सात वर्षं आधी. नाव आधीचं आहे, त्याची गोष्ट नंतर तयार झाली. आणि गोष्ट इतकी चपखल बसली की नावाचा जन्मच मागेपुढे झाला.

तर मग हे सगळे खोटारडे का?

नाही. आणि इथेच मला त्या मुलीला नीट उत्तर द्यायचं होतं.

शाहीर डफावर थाप मारतो तेव्हा समोरच्या माणसाला माहीत असतं की आता पोवाडा सुरू झाला. पोवाड्यात वीर दहापट मोठा होणार, शत्रू वीसपट भयानक होणार, प्राणी मदतीला येणार. तो करारच आहे गाणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा. पोवाडा हे काही किल्ल्याच्या हिशोबाचं बाड नाही. पण पोवाडा खूप काही खरंही सांगतो: लोकांना काय आठवत राहिलं, कशाचा अभिमान वाटला, काय गमावल्याचं दुःख झालं. रायबाचं लग्न झालं की नाही ते मला सिद्ध करता येणार नाही. पण लढाईला गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक थांबलेलं घर होतं, हे लोकांनी त्या लग्नात जपून ठेवलं.

आपट्यांचंही तेच. पुस्तकावर कादंबरी असं लिहिलेलं होतं. कमलकुमारी त्यांनी कादंबरीत आणली, कोणत्या दफ्तरात नेऊन ठेवली नाही.

मग माझं काय चुकलं? मीही गोष्टच सांगत होते ना? भिवा मी बनवला त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. मी चुकले ते पत्र बनवताना. भिवा हे पात्र आहे, ऐकणाऱ्याला ते कळतं. पण शके, तिथी, फारसी शब्द घातलेलं पत्र हे पात्र नाही. तो पुरावा आहे. निदान तसा दिसतो. मी गोष्टीच्या घरात बसून पुराव्याच्या घराची किल्ली बनवली, आणि ती किल्ली ज्याला सापडली त्याने कुलूप उघडलं. काकांची काय चूक? त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. नुसतं पत्रच पोचलं होतं.

हा आपल्या काळाचा प्रश्न आहे, मंडळी. पूर्वी कादंबरीतलं वाक्य कादंबरीतच राहायचं, दोन पुठ्ठ्यांच्या मधे. वाचणाऱ्याला मुखपृष्ठ दिसायचं. आज तीस सेकंदांची क्लिप सुटी होते, एक परिच्छेद सुटा होतो, त्याच्यावर झेंडा लागतो आणि तो एकटा गावोगाव फिरतो. पाठीवर ‘मी गोष्टीतला आहे’ असं लिहिलेलं नसतं. म्हणूनच ते शेवटचं वाक्य मी आज इथे पुन्हा म्हणणार नाही. म्हटलं की ते परत प्रवासाला निघेल.

आणि यात खरं नुकसान कोणाचं होतं? महाराजांचं नाही. त्यांची खरी पत्रं आहेत, आणि ती माझ्या पत्रापेक्षा कितीतरी जिवंत आहेत. नुकसान होतं त्या नववीतल्या मुलीचं. उद्या कोणी तिला खरं पत्र दाखवलं तरी ती आधी विचार करेल, हेही कोणीतरी रात्री दोन वाजता रचलं असेल का? तिचा विश्वास मी वापरला आणि संपवला. नुसतं एक पत्र खोटं ठरलं असतं तर काही नाही. खऱ्या पत्रांवरही तिचा संशय बसला, ते जास्त वाईट.

घोरपडीने खाल्लेली दोन माणसं

माफी मागून झाल्यावर मी सभासद पुन्हा उघडला. या वेळी गोष्टीसाठी मसाला शोधत नव्हते, नुसतं वाचत होते. आणि एक गोष्ट मला पहिल्यांदा दिसली. म्हणजे ती आधीही वाचली होती, पण दिसली नव्हती.

दोन मावळे. सगळ्यांच्या आधी अंधारात कडा चढलेले. त्यांच्याजवळ दोर नव्हता, कारण दोर लावायलाच ते चालले होते. वर पहारा आहे की नाही ते ठाऊक नव्हतं. त्यातला एकाचाही पाय घसरला असता तरी सगळी मोहीम तिथेच उघडी पडली असती. सभासदाने त्यांची नावं दिलेली नाहीत.

आता हे बघा. घोरपडीचं नाव आपल्याला माहीत आहे, यशवंती. शेंबड्या पोराला विचारा, सांगेल. आणि जे काम घोरपडीने केलं असं आपण सांगतो, ते काम ज्या दोन माणसांनी केलं, त्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत. पोवाड्याने त्यांच्या जागी घोरपड आणली, ती इतकी सुंदर होती की माणसं तिच्याआड गेली.

आणि मी? मी तर त्यांना समोर पाहूनही भलतीकडे गेले. माझा भिवा तीनशेंतला एक होता, दोराच्या शिडीवरून चढणारा. त्याला मी खोटं पत्र दिलं. पण ज्या दोघांबद्दल कागद इतकंच सांगून गप्प होतो, तिथे खरी मोकळी जागा होती. तिथे गोष्ट हवी होती.

यातून मला एक साधं सूत्र मिळालं. कागद जिथे बोलतो तिथे आपण गप्प बसायचं, आणि कागद जिथे गप्प होतो तिथे आपण बोलायचं. पण बोलताना आवाज आपलाच ठेवायचा, कागदाचा आवाज काढायचा नाही.

लिहिणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिली. तिथी बघा. माझ्या पहिल्या भागात मावळे कडा चढायला निघतात तेव्हा मी टिपूर चांदणं पाडलं होतं. छान वाटत होतं ऐकायला. पण माघ वद्य नवमी म्हणजे कृष्णपक्ष. नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, आणि तोही अर्धाच. म्हणजे रात्रीचा पहिला भाग काळाकुट्ट, आणि नंतर उशिरा थोडा उजेड. हे कळल्यावर मला प्रसंगच नवा सुचला. चंद्र उगवायच्या आत वर पोचायचं! कोणी मला हे कागदावर लिहून दिलेलं नाही, ते मी गोष्टीत घेतलं. पण ते पंचांगाच्या विरुद्ध जात नाही. अभ्यासाने कल्पना आटते असं म्हणतात ना, मला तर उलटाच अनुभव आला.

दुसरी. माणसांच्या डोक्यात आपलं घड्याळ घालू नका. माझा भिवा ‘पाच मिनिटांत’ म्हणाला होता. एका आजोबांनी बरोबर पकडलं. त्या काळी प्रहर होते, घटका होत्या. एक घटका म्हणजे आपली 24 मिनिटं. नुसता शब्द बदलून भागत नाही. ज्याला मिनिट माहीत नाही तो वाट कशी बघतो? कोंबड्याच्या आरवण्यावर, चांदण्या सरकण्यावर, पाय बधिर होण्यावर. तसं लिहिलं की माणूस त्या काळात उतरतो.

तिसरी. पात्र बनवा, पण पुरावा बनवू नका. खोटं पत्र, खोटा शिलालेख, खोटी सनद, ‘एका जुन्या बाडात असं सापडलं’ अशी सुरुवात, हे सगळं टाळा. खऱ्या थोर माणसाच्या तोंडी मोठं वाक्य घालायचा मोह होईल. तेव्हा स्वतःला विचारा: हे वाक्य सुटं होऊन फोनाफोनी फिरलं तर? उत्तराने पोटात गोळा आला तर ते वाक्य तुमच्या काल्पनिक पात्राला द्या. भिवाच्या आईला द्या. ती काय बोलली ते कोणीच लिहून ठेवलेलं नाही, आणि तिच्या नावाने कोणी झेंडा लावून फॉरवर्ड करत नाही.

चौथी. शेवटी हिशोब द्या. यापुढे आपल्या प्रत्येक ऐतिहासिक गोष्टीच्या शेवटी दोन मिनिटं असतील: यातलं कागदात काय आहे, पोवाड्यातून काय घेतलं, आणि माझं काय आहे. काही जण म्हणतील, जादू जाते. मला नाही वाटत. जेवण झाल्यावर आजीने कशात काय घातलं ते सांगितलं म्हणून आमटीची चव कधी गेली होती?

राजगडाच्या दिशेला

गेल्या महिन्यात मी सिंहगडावर गेले. आठवडी सुट्टी टाळून गेले, तरी गर्दी होतीच. भजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, सेल्फी, सगळं जागच्या जागी. तानाजींच्या समाधीपाशी एक बाबा आपल्या मुलाला घोरपडीची गोष्ट रंगवून सांगत होते. मुलगा डोळे विस्फारून ऐकत होता. मी मधे बोलले नाही. ती गोष्ट त्या वयाला हवीच. मोठा झाला की कड्याकडे बघून तो स्वतःच विचारेल.

मग मी कल्याण दरवाजाच्या बाजूला जाऊन बसले. हवा स्वच्छ होती. समोर राजगड दिसत होता, सरळ रेषेत साधारण 15 किलोमीटर. एवढ्या अंतरावरून पागेची आग दिसेल? अंधाऱ्या रात्री नक्की दिसेल. मी तिथे बसून बराच वेळ तो उजेड उलट्या बाजूने बघायचा प्रयत्न केला. राजगडावर उभं राहून. आग दिसली, म्हणजे गड घेतला. पण कोण उरलं, कोण गेलं, ते त्या उजेडात दिसत नाही. आनंद आधी पोचला आणि बातमी नंतर. मधले तास कसे गेले असतील, ते कोणत्याही कागदात नाही.

भिवाच्या गोष्टीचा तिसरा भाग मी काढून टाकला आणि नवा रेकॉर्ड केला. आता भिवा त्या दोघांपैकी एक आहे. त्याच्या सोबत्याला मी नाव दिलेलंच नाही, मुद्दाम. शेवटी पत्र येत नाही. भिवाच्या आईला लांबवर डोंगरावर उजेड दिसतो, ती शेजारणीला विचारते, ‘वणवा का गं?’ आणि गोष्ट तिथे संपते. जुन्या भागापेक्षा याला कमी लोकांनी ऐकलंय. ठीक आहे.

त्या मुलीला मी नवा भाग पाठवला आणि घोरपडीचं उत्तरही लिहिलं, जे आत्ता तुम्हाला सांगितलं तेच, जरा थोडक्यात. तिचं उत्तर आलं. भाग आवडला की नाही ते तिने लिहिलंच नाही. लिहिलं होतं, ‘ताई, सभासदाची बखर मराठीतच आहे का? मला वाचता येईल?’

येईल. पहिली दोन पानं अवघड जातील, मग कान बसतो. तुम्हालाही येईल. मूळ मोडी तुम्हाला वाचायला नको, छापील बाळबोध प्रती आहेत, ग्रंथालयात मिळतात. पुढच्या भागात आपण तेच करू: कोंढाण्याचा तेवढा उतारा मी सावकाश वाचेन, अवघड शब्दांपाशी थांबू, आणि मग तुम्ही मला सांगा, तुम्हाला मोकळी जागा कुठे दिसते.

आणि हो, ते पत्र तुमच्या ग्रुपवर आलंच, तर पाठवणाऱ्याशी भांडू नका. एवढंच सांगा: हे जिने लिहिलं ती मला माहीत आहे, आणि ती म्हणतेय की हे खोटं आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर ऐकत राहा, आणि ऐकलेलं विचारत राहा.